कोयते वेताळाच्या हवाली

१९ डिसेंबर १९६५, रविवार

माणसाचं बोट हातापासून सुटलं की इतकं लहान दिसतं हे मला माहीत नव्हतं. सकाळी खाडीच्या तोंडाशी वाळूत दोन पडली होती आणि एक कुत्रं हुंगत आलं होतं. मी दगड मारून त्याला हाकललं आणि तिथंच ओकलो.

बोटं जिवल्याची. तोडणारा कृष्णकांत, म्हणजे जिवल्याच्या सख्ख्या बहिणीचा नवरा.

मी परभणीकडचा. आमच्याकडं भावकीत काठ्या निघतात, डोकी फुटतात, मग दुपारी सगळे एकाच बांधावर भाकर खातात. इथं तसं नाही. इथं कोयता आधी, शब्द मागून. अणुवीज प्रकल्पावर मुकादमानं "कल से मत आना" म्हणून माझं नाव कमी केलं, तेव्हा गावी परत जायला पाहिजे होतं. पण समुद्र बघायचा राहिला होता, म्हणून नवापूरच्या रस्त्यानं चालत सुटलो आणि या खाजणवाडीत येऊन टेकलो. धर्माजी नाखव्यानं पडवी दिली. बदल्यात बोंबील वाळत घालायचे, टोपल्या वाहायच्या. नाखवा म्हणजे होडीचा मालक. जिवल्या त्याचा मुलगा.

भांडण कशाचं ते सांगतो, कारण मला स्वतःला ते आज कुठं नीट कळलं. खाडीच्या अलीकडं खाजणवाडी, पलीकडं शेवाळी. दोघांचे समुद्रात खुंट ठोकलेले असतात, त्या खुंटांना पिशवीसारखी जाळी बांधायची, ओहोटी-भरतीचं पाणी मासे आपोआप आत भरतं. कुणाचे खुंट कुठं, हे आजोबा-पणजोबांपासून ठरलेलं. पण सप्टेंबरात पाकिस्तानशी लढाई लागली, रात्रीची दिवाबंदी आली, लांब जायला मनाई झाली. शेवाळीवाल्यांनी आपले खुंट जवळ आणले ते थेट खाजणवाडीच्या जागेत. लढाई थांबली तरी काढले नाहीत. यांनी त्यांचे दोर तोडले. त्यांनी यांचे तोडले. आज दोर संपले, बोटं सुरू झाली.

जिवल्या ओरडला नाही. हात धोतरात गुंडाळून बसला आणि म्हणाला, "त्याचा मुडदा पाडीन तवाच जेवीन." धर्माजी पलीकडं गेला आणि जमुनाला, म्हणजे आपल्या लेकीला, भरल्या घरातून उठवून घेऊन आला. ती रडली नाही, आल्या आल्या चुलीपुढं जाऊन बसली.

२७ डिसेंबर, सोमवार

जिवल्या जेवतो. परवापासून जेवतो. मला बरं वाटलं, पण कुणी त्याला त्याच्या बोलण्याची आठवण करून दिली नाही, मीही नाही.

बोईसर स्टेशनावर चहावाल्याकडं जुना पेपर फुकट मिळतो. मी चौथीपर्यंत शिकलो, पण वाडीत माझ्याइतकं भरभर वाचणारं कुणी नाही. संध्याकाळी अंगणात वाचून दाखवतो. दोन देशांचे मोठे लोक रशियात ताश्कंद नावाच्या गावी भेटणार आहेत. लढाईच्या आधी फौजा जिथं होत्या तिथं मागं जायचं की नाही, यावर बोलणी.

धर्माजी जाळं विणता विणता म्हणाला, "मंग शेवाळीवाल्यांना पन न्या म्हणावं रशियाला."

पुढं छापलं होतं की युद्धबंदी रेषेवर परक्या देशांचे निरीक्षक असतात. त्यांच्याकडं हत्यार नसतं, ते दोन्ही बाजूंना फिरतात, कुणी किती पुढं आला ते बघतात. मला हे काम लई आवडलं. नुसतं फिरायचं आणि बघायचं. त्याला पगारही असणार.

पाणी शेंदताना जमुना हळूच म्हणाली, "दादा, पलीकडं जाता काय कधी?" मी म्हणालो, आपल्याला कोण अडवतं. ओहोटीला गेलो. कृष्णकांतची आई नवसी, शेवाळीत तिचा शब्द चालतो. तिनं सुक्या जवळ्याची चटणी आणि भाकर दिली, म्हणाली, "खा रे घाट्या. विहिणीच्या घरी उपाशी ठेवतात काय तुला?" त्या घरात विहीण आता नाहीच, धर्माजीची बायको वारली, पण टोमणा मारायला तिला विहीण लागते. कृष्णकांत बाजूला बसून बांबूची एकच कांडी सोलत होता. त्यानं काहीच विचारलं नाही. मी निघालो तेव्हा मात्र खाडीपर्यंत सोबत आला. दमणार नाही का, म्हणालो, तर म्हणाला, "मोकळाच हाय."

परत आल्यावर जमुनाला सांगितलं की तिच्याबद्दल तो काही बोलला नाही, पण खाडीपर्यंत सोबत आला. तिला त्याचंच बरं वाटलं. मला नाही कळत. ती हल्ली चुलीतली भाजकी माती खाते. वाईट खोड, पोटात जंत होतील, असं मी तिला सांगितलं. ती हसली.

११ जानेवारी १९६६, मंगळवार

काय लिहू. शास्त्रीजी गेले.

नाखव्यानं मला जाड दोर आणायला पालघरच्या बाजारात पाठवलं होतं. सकाळच्या गाडीनं निघालो, पण उमरोळीला एक माणूस अस्वल घेऊन उतरला म्हणून मीही उतरलो. अस्वल बघत पुढच्या गाडीपर्यंत थांबलो. पालघरला पोचलो तर बाजार अर्धा बंद. एका दुकानाच्या पायरीवर रेडिओ आणि त्याच्याभोवती लोक. पुढच्या म्हाताऱ्यानं टोपी काढून छातीशी धरली होती. मी विचारलं तर तो म्हणाला, "काल करारावर सही केली, रात्री गेले." बस, इतकंच. मी त्यांना कधी बघितलं नाही, पण छोटा माणूस, आपल्यासारखा. लढाईच्या वेळी ते म्हणाले म्हणून मी सोमवारी रात्रीचं जेवण सोडलं होतं. दोनच सोमवार, पण सोडलं होतं.

दोर न घेता, नुसता पेपर घेऊन परत आलो. नाखवा रागावला नाही. वाडीतल्या बाया किनाऱ्यावर बसून रडल्या, जशा घरचं माणूस बुडाल्यावर रडतात. मी करार वाचून दाखवला. दोन्ही फौजांनी पंचवीस फेब्रुवारीच्या आत, ऑगस्टात होत्या तिथं, मागं जायचं.

धर्माजीनं हातातलं जाळं खाली ठेवलं. मग म्हणाला, "आता मोडतील कसा? जिता असता तर म्हणले असते, बस पुन्हा बोलू. मेला मानूस. त्याच्याशी काय बोलनार? त्याचा शब्द पाळायलाच पायजे."

जिवल्या उठून गेला.

२३ जानेवारी, रविवार

आज तेरावा. शास्त्रीजींचा. या लोकांनी तो धरला, आणि तेराव्याला खाडीच्या मधोमध चिखलात उभं राहून स्वतःचा करार केला. ओहोटी मोठी होती, पाणी पार मागं गेलं होतं. अलीकडचे अलीकडं, पलीकडचे पलीकडं, मधे धर्माजी आणि नवसी, आणि त्यांच्या मधे मी, घोट्यापर्यंत रुतलेला. लोक एकमेकांच्या हाताकडं बघत होते, तोंडाकडं नाही.

नवसी म्हणाली, "काय व्याही, वजन कमी झालं. लेकीच्या हातचं मानवत नाय?"

धर्माजी म्हणाला, "तुझ्या हातचं तिला मानवलं नाय, तेचा हिशोब आधी कर."

मला वाटलं, झालं, पेटलं. पण दोघं हसले. असं हसणं मी पहिल्यांदा बघितलं, दात दिसतात आणि डोळे हलत नाहीत.

ठरलं ते असं. शेवाळीनं खुंट उपटून लढाईच्या आधीच्या जागी न्यायचे. दोन्ही वाड्यांनी सगळे कोयते खाडीच्या तोंडाशी वेताळाचं देऊळ आहे तिथं ठेवायचे. वेताळ दोघांचा. होडीत पातं न्यायचं नाही. तिकडं फौजा हटण्याची तारीख पंचवीस फेब्रुवारी, तीच इथंही. तोपर्यंत शब्द टिकला तर त्या दिवशी जमुना सासरी जाईल. एक जरी पातं निघालं तर जमुना कायमची माहेरी आणि खुंटांचं जे व्हायचं ते होईल.

आणि होड्या निघताना तपासायच्या कुणी? नवसीनं माझ्याकडं बोट केलं. "हा. हा कोनाचाच नाय."

वाईट वाटलं, आणि छातीही फुगली. निरीक्षक झालो.

मागून जमुना बोलली. बायांच्या घोळक्यातून, पण मोठ्यानं. "बाबा, होडीत एक तरी पातं ठेवा. उधानात ताणलेली गाठ सुटत नाय."

सगळे हसले, दोन्हीकडचे. इथं दोर कापून परत येणं ही फार मोठी लाज असते. ज्यानं कापला त्याच्या मागं पोरं "कापऱ्या, कापऱ्या" करत फिरतात, कारण कापला म्हणजे जाळं गेलं, आणि गाठ सोडता आली नाही म्हणजे नाखवा कसला. धर्माजी म्हणाला, "जन्मात दोर कापला नाय मी. शेवाळीवाल्यांना लागत असंल तर सांगा, त्यांना देऊ एक." शेवाळीचे पुरुष एकदम उसळले. "आमाला? आमची पोरं दातानं गाठ सोडतात!" मग कोणीच पातं मागितलं नाही.

नवसी तेवढी हसली नाही. सुनेकडं बघत राहिली, मग पदर सारखा केला. सासू-सुनेचं पटत नसावं.

देवळात कोयत्यांचा ढीग पडला तेव्हा मी मोजायला गेलो आणि मधेच सोडलं. इतके! या पोळ्या-भाकरी खाणाऱ्या घरांतून इतके!

५ फेब्रुवारी, शनिवार

खुंट खरंच मागं गेले. मला वाटलं नव्हतं.

एक दिवस अलीकडं, एक दिवस पलीकडं, असं तपासतो. आज अलीकडं होतो. धर्माजीच्या होडीत पाण्याचं मडकं होतं, तहान लागली म्हणून झाकण काढलं तर आत पात्याचं टोक. मी म्हणालो, नाखवा, हे काय. धर्माजीनं मडक्यात बघितलं, मग पोराकडं. सगळ्या किनाऱ्यासमोर जिवल्याच्या कानाखाली अशी मारली की माझाच कान वाजला. जिवल्या म्हणाला, "तिकडं तुमी मला निसता हात घेऊन पाठवता. तीन बोटांचा हात. तो समोर आला तर?"

"तो पन निसत्या हातानंच येल."

"तुमाला काय म्हाईत?"

"ह्यानं बघितलंय," धर्माजी माझ्याकडं हात करून म्हणाला.

ही बातमी दुपारपर्यंत पलीकडं पोचली. बापानं पोराला मारलं, पातं स्वतः वेताळाकडं नेलं, म्हणून नवसीनं ते निघालेलं धरलं नाही. संध्याकाळी शेवाळीहून एका पोरीनं बांगड्यांची टोपली आणली, मासळीतल्या बांगड्यांची. धर्माजीनं परत एक घोळ मासा पाठवला. आमच्याकडं इतकं गोड झालं की शहाणा माणूस घाबरतो.

१४ फेब्रुवारी, सोमवार

पलीकडं होतो. कृष्णकांतची होडी शेवटी. नाळेखाली, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, ओल्या जाळ्याचा ढीग होता. तिथं हात घालणार तोच तो म्हणाला, "थांब रे नागोराव, तुला गंमत दावतो." आणि एक मासा काढला. मुठीएवढा. त्याच्या पोटावर बोटानं घासलं तर तो फुगायला लागला, फुगला, फुगला, पार लिंबाचा नारळ झाला, अंगावर काटे उभे! मी इतका हसलो की खाली बसलो. मलाही घासू दिलं. मग पाणी चढायला लागलं आणि होड्या निघाल्या.

होडीत काही नव्हतं.

निघताना तो म्हणाला, "जमुनाला सांग, खोलीला माती सारवलीय." हे काय सांगायचं? पण सांगितलं. ती आत निघून गेली.

पेपरात आहे की तिकडं फौजा हटायला लागल्या, सुरुंग काढतायत, दोन्हीकडचे अधिकारी भेटून चहा पितात. धर्माजी म्हणाला, "आपन चा नाय पीत, तेवढाच फरक."

२२ फेब्रुवारी, मंगळवार

आज लिहवत नाही. कपडे अजून ओले आहेत. बदलायचं सुचत नाही.

२३ फेब्रुवारी, बुधवार

लिहितो. नाही लिहिलं तर मला वाटेल मी तिथं नव्हतोच.

काल पलीकडची पाळी. अमावास्या नुकतीच झालेली, उधाण मोठं. तपासणी झाल्यावर कृष्णकांत म्हणाला, "चल की आज. रोज काठावरनं बघतोस." मी कधीपासून म्हणत होतो. चढलो. समुद्रात गेल्यावर पहिला तासभर मी बाकी सगळं विसरलो. तो रंग, ते पक्षी. एक कासव दिसलं. त्याच्याकडं बघत होतो.

दुपारी पाणी थांबतं तेव्हा जाळी ओढायची असतात. सगळे ओढत होते. धर्माजीची होडी आमच्यापासून फार लांब नव्हती, ओळखू येत होती, त्यात तो, जिवल्या आणि दोन गडी. मग ओहोटीचं पाणी ओढायला लागलं. मला वाटलं होतं पाणी हळूहळू फिरतं. नाही. दार ढकलल्यासारखं फिरलं.

ओरडण्याचा आवाज आला. बघितलं तर धर्माजीची होडी एका बाजूला कलली होती. खुंटाचा दोर नाळेला गुरफटला होता. जाळं भरलेलं, त्याला ओहोटी ओढत होती, आणि दोर होडीला खाली दाबत होता. काठावरून पाणी आत पडत होतं. धर्माजी दोरावर पडून गाठ सोडत होता, दातानंसुद्धा. त्या दोराला हात लावला असता तर लोखंड लागलं असतं.

आमच्या होडीतला एक जण म्हणाला, "कापा की रे!" आणि आपल्या रिकाम्या हातांकडं बघायला लागला. कापणार कशानं.

कृष्णकांत पुढच्या टोकाला गेला. नाळेखालच्या ओल्या जाळ्यात हात घातला आणि कोयता काढला.

मी बघितला तो कोयता. मीच निरीक्षक, आणि मी तोंड उघडं टाकून बघत होतो.

"वल्हवा!" म्हणाला. आमचे लोक वल्हवायला लागले. तो नाळेवर उभा, कोयता वर धरलेला, आणि होडी सरळ त्यांच्यावर चाललेली. जिवल्या कललेल्या होडीतच कमरेपर्यंत पाण्यात उभा होता. त्यानं मान वर केली. मी त्याचं तोंड बघितलं. त्याला होडी दिसली नाही, दोर दिसला नाही, त्याला फक्त उभा माणूस आणि कोयता दिसला.

"आला!" ओरडला तो. "बाबा, आला! कोयता घेऊन आला!"

मी ओरडलो, नाही रे, दोर, दोर! खरंच ओरडलो की नुसतं वाटलं, सांगता येत नाही.

कृष्णकांतनं वाकून घाव घातला आणि जिवल्यानं वल्हं फिरवलं, दोन्ही एकदमच. दोर तुटला तो बंदुकीसारखा. होडी उसळून सरळ झाली. वल्हं कृष्णकांतच्या कानशिलाला बसलं होतं. तो अगदी अलगद, बाजूनं पाण्यात गेला. मला वाटलं वर येईल. पट्टीचा पोहणारा. ओहोटीनं नेला.

जिवल्या वल्हं धरून उभा होता. तुटलेल्या दोराचं टोक त्याच्या पायाशी पडलं होतं. त्याच्याकडं त्यानं बघितलं. मग आपल्या होडीकडं, ती तरंगतेय. मग पाण्यात उडी टाकली. किती वेळा बुडी मारली त्यानं, शेवटी त्यालाच ओढून काढावं लागलं.

२४ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी कृष्णकांत नवापूरच्या किनाऱ्याला लागला. फौजदार आला. मी ठरवलं होतं की मला विचारलं तर जे बघितलं ते सांगायचं. मला विचारायच्या आधी नवसी पुढं झाली. पोराच्या डोक्यावर पदर टाकून बसली होती, उठली, म्हणाली, "होडी उलटायला आलेली साहेब. झटापटीत वल्हं लागलं. समुद्राचं काम हाय."

तिच्या मागं अख्खी शेवाळी उभी होती. कोणाचा ओठ हलला नाही. फौजदारानं लिहून घेतलं. मला विचारलं तेव्हा मीही तेच सांगितलं. तिचं खोटं मोडायचं माझं धाडस झालं नाही.

तो गेल्यावर धर्माजी नवसीसमोर गुडघ्यावर बसला. म्हणाला, "कोयता कसा होता त्याच्याकडं? शब्द दिलेला ना, विहिणी?"

आता इथं? आता हे विचारतो? माझा विश्वास बसेना. पण तो भांडत नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

नवसी म्हणाली, "मी ठेवायला लावला. तुमी सगळे हसला ना तिला, तवाच ठरवलं. बोलली ते खरं होतं. उधानात गाठ सुटत नाय. मी सांगितलं त्याला, लपवून ठेव, कुनाच्या तरी कामाला येल."

जमुना तिथंच होती. ती एकदा सासूकडं बघत होती, एकदा बापाकडं, एकदा आपल्या मांडीवरच्या नवऱ्याच्या डोक्याकडं. मग माझ्याकडं वळली. "दादा, तुमाला तो कोयता सापडला असता तर?"

"काढून घेतला असता."

"मंग हा असता," म्हणाली. "आन बाबा नसते. जिवल्या नसता." हे तिनं बाजारात भाव विचारावा तसं म्हटलं. मला तिथं थांबवेना.

२५ फेब्रुवारी, शुक्रवार

पेपर आणला. दोन्ही फौजा ठरल्याप्रमाणे मागं गेल्या. सगळं शांततेत पार पडलं, असं छापलं आहे.

वाचून कुणाला दाखवला नाही. जमुना आज सासरी गेली. ठरल्या दिवशी. पांढऱ्या कपाळानं, नवसीचा हात धरून, ओहोटीच्या चिखलातून. दोघींना एकमेकींचा हात सोडवत नव्हता, आणि मला वाटत होतं यांचं पटत नाही. वाटेत जमुनाला उमळून आलं, तर नवसीनं थांबून तिच्या पोटावर हात ठेवला. तेव्हा मला कळलं माती का खात होती ते. किती मूर्ख माणूस मी.

जिवल्या घरातून बाहेर पडत नाही. वाडीतल्या लोकांनी दारं लावून घ्यायला सुरुवात केली आहे. शेवाळीवाले तेराव्यापर्यंत थांबतील, मग येतील, असं सगळे म्हणतात. मला निघून जायला पाहिजे. बोईसरला एक ट्रकवाला सुरतेला चल म्हणतो. जात नाही. का, ते माहीत नाही.

८ मार्च, मंगळवार

होळी दोन्ही वाड्यांत पेटली नाही. रविवारी कृष्णकांतचा तेरावा झाला. आज सकाळी ते आले.

धर्माजी दारात बसून होता. नवसी पुढं, मागं शेवाळीचे पाच-सहा पुरुष, कृष्णकांतच्या होडीचे गडी. आणि त्यांच्या हातात कोयते. वेताळाच्या देवळातून आणलेले. मी पडवीत होतो, तिथून हललो नाही.

नवसी म्हणाली, "व्याही, माझ्या होडीत मानूस कमी हाय. जिवल्याला दे."

धर्माजी उठला, दारात आडवा झाला. "मला ने."

"तुला नेऊन काय करू, लोनचं घालू? जिवल्या दे."

आतून जिवल्या आला. हडकला होता. बापाला बाजूला केलं आणि पायरी उतरून उभा राहिला. कुणाकडं बघत नव्हता. त्याला ठाऊक होतं की तो कशाला चालला आहे, आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं. धर्माजीच्या घशातून आवाज निघाला, तो मला लिहिता येत नाही.

सगळे खाडीवर गेले. मीही मागून गेलो, अख्खी खाजणवाडी गेली. नवसीनं प्रत्येक होडीपुढं एक कोयता टाकला, अलीकडच्या होड्यांपुढंसुद्धा. म्हणाली, "नाळेवर बांधा. उघडा. लांबनं दिसला पायजे. माझा लपवलेला होता. उघडा असता तर ह्या पोराला पयल्या दिवसापासनं ठाऊक असता तो कशाला हाय." तिनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "आन जो दोर कापून येल त्याला कोन काय बोललं तर त्याची जीभ मी ओढीन."

मग धर्माजी पुढं झाला, वाकला, कोयता उचलला आणि आपल्या होडीच्या नाळेला बांधला. त्याच्यामागं बाकीचे.

नवसीच्या होडीत गडी चढले. कृष्णकांतची जागा नाळेवरची. तिथं कोयता बांधलेला, मूठ वर. नवसीनं जिवल्याला तिथं बस म्हणून खूण केली. तो बसला. कोयता त्याच्या गुडघ्याला टेकत होता.

मला वाटलं ते त्याला घेरून बसतील. पण होडीत वल्हवणारा नेहमी नाळेकडं पाठ करून बसतो. एक जण बसला, मागं एकदा बघितलं, जिवल्याकडं, मग कोयत्याकडं. मान फिरवली. दुसरा बसला. तिसरा बराच वेळ उभा राहिला, कृष्णकांतचा चुलतभाऊ तो, त्याचा जबडा हलत होता. नवसी पाण्यात कमरेपर्यंत उतरून त्याच्याकडं नुसती बघत राहिली. तोही बसला, आणि मग चौथा.

चार पाठी उघड्या जिवल्यासमोर. हात पुढं केला तर कोयता.

त्यानं तीन बोटांचा हात आणि पाच बोटांचा हात, दोन्ही मांडीवर पालथे ठेवले. वल्ही पाण्यात पडली. खाडीतून बाहेर पडेपर्यंत मी बघत होतो, आणि त्यातल्या एकानंही मागं वळून बघितलं नाही.